डोळे थकले, हात नाही

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच चित्रकार शार्दँ यांनी १७७६ च्या सुमारास काढलेलं स्वतःचंच चित्र आहे. डोक्याला फडकं, डोळ्यांवर सावली धरणारी झापड, नाकावर चष्मा. वय पंचाहत्तरीपुढचं. तैलरंगांनी डोळ्यांना त्रास होऊ लागला, तेव्हा त्यांनी पेस्टल, म्हणजे रंगीत खडू, हाती घेतले. चित्रं काढणं मात्र सोडलं नाही.

तुमच्याकडे आलेले आई-बाबाही ‘आता दिसत नाही, जमत नाही’ म्हणत असतील. लगेच त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. साधन बदलून द्या: चांगला दिवा, जाड सुई, मोठी अक्षरं.

चित्र पाहायला जरूर न्या. पेस्टलला उजेड सोसत नाही, म्हणून ते मांडलंय का, आधी विचारा.