पहिलं काम छोटं, पण लेखी



रंगकाम, नळकाम, फरशीकाम.
हातात कसब आहे,
पण स्वतःची कामं घ्यायची म्हटलं, की पोटात गोळा येतो.
पैसे अडकले तर?
माणसं आलीच नाहीत तर?

ही भीती खरी आहे. तिला कुणी हसू नये.
म्हणूनच, पहिलं काम छोटं घ्या.
आणि लेखी घ्या.

समजा, एक खोली रंगवायची आहे.
आधी भिंतीवरून हात फिरवा.
ओल लागते का? पोपडे सुटलेत का?
ओल असेल, तर पुट्टी टिकणार नाही.
हे घरमालकांना आधीच सांगा.

मग कागदावर लिहा.
रंग कोणता, हात किती, सामान कुणाचं, पैसे कधी.
खाली दोघांची सही.
सामानाचे पैसे आगाऊ घ्या,
मजुरी टप्प्याटप्प्याने.
माझ्या मते, बहुतेक वाद न बोललेल्या गोष्टींतूनच होतात.
म्हणून पुन्हा सांगते,
काम छोटं असलं, तरी लेखी.

अवजारांसाठी भांडवल हवंय?
घरातलं सोनं गहाण टाकण्याआधी
बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा.
ही योजना २०१५ पासून आहे.
तिच्यातलं शिशु कर्ज ५० हजार रुपयांपर्यंत मिळतं,
आणि त्याला तारण लागत नाही.

व्यवसायाची उद्यम नोंदणीही करून घ्या.
ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते.
आधार आणि पॅन कार्ड जवळ ठेवा.