लेपाची लेन्स की बिनलेपाची?



देहूच्या तुकोबांवर प्रभात फिल्म कंपनीनं 'संत तुकाराम' हा चित्रपट काढला तो 1936 साली. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, छायालेखक व्ही. अवधूत. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे सारं ज्या लेन्समधून फिल्मवर उतरलं, तिच्या काचेवर आजच्यासारखा लेप नव्हता. तो असणारच कसा? निर्वात पोकळीत काचेवर पातळ थर चढवण्याच्या पद्धतीचं पेटंट जर्मनीच्या कार्ल झाईस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी मिळवलं ते 1935 मध्ये, आणि पुढची काही वर्षं ते तंत्र लष्करी गुपित म्हणून राखलं गेलं.

आज निगडी, भोसरी, चाकण या पट्ट्यातली फिल्मवेडी मंडळी बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जुने कॅमेरे चाळायला जातात, तेव्हा प्रश्न पडतो तो हाच. कोटेड, म्हणजे लेपाची लेन्स घ्यावी की अनकोटेड?

आधी हिशेब पाहू. साध्या काचेच्या ज्या पृष्ठभागाला हवा लागते, तिथून सुमारे 4 टक्के उजेड परत फिरतो. लाइट्स कंपनीची 50 मिलिमीटरची एलमार ही गाजलेली लेन्स घ्या. तिच्यात चार भिंगं आहेत. त्यांतली दोन एकमेकांना चिकटवलेली, म्हणून हवा लागणारे पृष्ठभाग सहा. सहा ठिकाणी 4-4 टक्के गेले की फिल्मपर्यंत जेमतेम 78 टक्के उजेड पोचतो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर दिला, की प्रत्येक पृष्ठभागावरची ही गळती दीड टक्क्याच्या आसपास येते आणि 91 टक्के उजेड पोचतो. या थराची जाडी असते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी.

उजेड थोडा कमी मिळाला, तर शटर थोडं हळू ठेवून भागतं. खरा घोळ करतो तो परत फिरलेला उजेड. तो भिंगाभिंगांत उड्या मारतो आणि शेवटी फिल्मवर धुकं होऊन पसरतो. काळा भाग करडा पडतो, रंग विटतात. म्हणूनच 1896 साली पॉल रुडॉल्फ यांनी रचलेली आठ पृष्ठभागांची प्लानार ही उत्तम लेन्स लेप येईपर्यंत मागेच राहिली, आणि सहा पृष्ठभागांच्या टेसारनं बाजार जिंकला.

भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपचं उदाहरण घ्या. वर पत्रे, आत अंधार, लेथवर वाकलेला कामगार, आणि त्याच्या पाठीमागे सताड उघडं शटरचं दार. बाहेर लख्ख ऊन. अनकोटेड लेन्सनं टिपलेल्या चित्रात त्या दाराचा पांढरेपणा कामगाराच्या चेहऱ्यापर्यंत झिरपतो. कोटेड लेन्स तो दारापाशीच बऱ्यापैकी अडवते.

आता उलट बाजू. मे महिन्यातली चाकणची दुपार, सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, समोर कारखान्याच्या भिंतीची काळी सावली आणि तिच्या शेजारी झळाळणारा पत्रा. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला हा फरक पेलणं जड जातं. इथं अनकोटेड लेन्समधला तोच भटका उजेड सावलीला हलका हात देतो. पार काळी राहिली असती अशी जागा करडी होऊन फिल्मवर उमटते. रंगीत फिल्मला मात्र हा हात मानवत नाही. तिथं कोटेडच हवी.

ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला येते, तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. उजेड मऊ, म्हणून अनकोटेड चालेल असं वाटतं. पण पांढरं आभाळ हाच चौकटीतला सर्वांत मोठा दिवा असतो. वारकऱ्यांची पांढरी वस्त्रं आणि वरचं आभाळ एकमेकांत विरघळतात. अशा वेळी कोटेड लेन्स आणि तिच्यावर खोल हूड हीच जोडी बरी.

विकत घेताना ट्यूबलाइटखाली लेन्स तिरपी धरावी. आत ट्यूबची छोटी छोटी प्रतिबिंबं दिसतात. ती सगळी पांढरी असतील, तर काच बिनलेपाची. निळसर, जांभळी किंवा पिवळट दिसली, तर लेप आहे. जुन्या अनकोटेड काचेवर मात्र कधी वयानंही निळसर झाक दिसते. ती पुसायला जाऊ नये. इंग्लंडचे भिंगकार डेनिस टेलर यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आढळलं होतं, की अशी वयानं काळवंडलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त उजेड आत सोडते.

मग मागच्या बाजूनं टॉर्च मारून बघावं. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती लेपही खाते. सुरुवातीच्या काळातले लेप मऊ होते. शर्टाच्या टोकानं पुसून पुसून त्यांच्यावर बारीक रेघांचं जाळं झालेलं असतं. असली ओरखडलेली कोटेड लेन्स घेण्यापेक्षा स्वच्छ अनकोटेड घेतलेली केव्हाही चांगली. दोन्ही काचा सारख्याच नितळ असतील आणि एकच घेणं परवडत असेल, तर दुसऱ्या महायुद्धानंतरची कोटेड घ्यावी. ती ऊन, ढग, रंग, अंधार सगळीकडे साथ देते.

एलमारची गंमत अशी, की युद्धापूर्वीची अनकोटेड आणि युद्धानंतरची कोटेड, अशा दोन्ही त्याच स्क्रू माउंटमध्ये मिळतात. म्हणजे एकाच कॅमेऱ्यावर आलटून पालटून बसतात. ज्यांच्या मित्रमंडळींत या दोन्ही असतील, त्यांनी सकाळी इंद्रायणीच्या घाटावर जावं. एकाच रोलवर दोन्ही लेन्सनी आधी सूर्याकडे तोंड करून आणि मग सूर्याकडे पाठ करून तेच दृश्य टिपावं. चारही फोटो एकाच ग्रेडच्या कागदावर छापून शेजारी शेजारी ठेवावेत, आणि आपल्याला कोणत्या उजेडात काम करायला आवडतं ते पाहून जुन्या बाजाराची वाट धरावी.