गोटमार आणि देहातील रक्तप्रवाह



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांमधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते. दोन्ही काठांवरून गोटे सुटतात आणि शेकडो माणसे जखमी होतात. या परंपरेचा निवाडा करणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय नव्हे. त्या दिवशी पात्रात सांडणारे रक्त देहात कसे वाहते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

रक्त देहात फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे या वैद्याने १६२८ साली ग्रंथरूपाने मांडले. त्याची युक्ती साध्या हिशेबाची होती. हृदय अर्ध्या तासात जितके रक्त बाहेर लोटते, तितके सबंध देहातही नसते. तेव्हा तेच रक्त फिरत असले पाहिजे. रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र १६६१ साली माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायू. त्याची उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठविते, डावी बाजू शुद्ध झालेले रक्त सर्वांगाला पुरविते. झडपा ते मागे फिरू देत नाहीत. मिनिटाला सुमारे ७० ठोके, प्रत्येक ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ ५ लिटर रक्त. प्रौढ देहातील एकूण रक्तही सुमारे तेवढेच.

या हिशेबातच धोका दडलेला आहे. लहान जखमेत रक्तवाहिनी आकुंचन पावते, रक्त गोठते आणि स्राव थांबतो. मोठी रोहिणी तुटली, तर जे हृदय जगविते तेच प्रत्येक ठोक्यास रक्त बाहेर लोटते. एक तृतीयांशाहून अधिक रक्त थोड्या वेळात गेले, की प्राण संकटात येतो. डोक्याच्या त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्याने तेथील जखम विशेष वाहते.

अशा वेळी जखमेत राख किंवा माती भरू नये. स्वच्छ कापडाची घडी ठेवून हाताने घट्ट दाबावे आणि न उचलता रुग्णालय गाठावे. कवटी फुटल्याची शंका असल्यास मात्र जोराने न दाबता जखम हलकेच झाकावी.

पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत एवढे ज्ञान पोहोचले, तर पुढच्या पोळ्याला एखादा जीव वाचेल. ग्रंथालयाने शंभर वर्षे जपलेल्या विद्येचा याहून चांगला उपयोग कोणता?