पालेखच्या डब्या

माझ्या एका स्नेह्यांच्या घरी एक काळीभोर डबी आहे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात नव्हे, स्वयंपाकघरातल्या फळीवर. तळहातावर सहज मावेल एवढी. झाकणावर तीन घोडे उधळले आहेत, मागे बर्फावरची गाडी आहे, आणि घोड्यांच्या आयाळी सोन्याच्या केसाएवढ्या बारीक रेघांनी काढलेल्या आहेत. आत पाहिले तर शेंदरासारखा लालभडक रंग. वहिनी तिच्यात लवंगा ठेवतात. स्नेह्यांचे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या उभारणीच्या काळात तिथे नोकरीला होते. मायदेशी परत निघालेल्या एका रशियन इंजिनियरने त्यांना ती भेट दिली. डबीच्या कडेला सोन्याने रशियन अक्षरांत काही लिहिले आहे. ते गावाचे नाव, हे इतकी वर्षे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. गावाचे नाव पालेख. आज मी आपल्याशी या गावाविषयी आणि त्याच्या डब्यांविषयी बोलणार आहे.

आपण या डबीला सरसकट लाखेची डबी म्हणतो. म्हणायला हरकत नाही, पण तिच्यात लाख औषधालाही नसते! आपली लाख किड्यापासून होते. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर हे किडे राळेसारखे कवच धरतात, ते खरवडून लाख काढतात. आमच्या सावंतवाडीकडचा कातारी फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाने ती वितळते आणि लाकडावर चढते. चीन आणि जपान या देशांत जी लाख म्हणतात ती मुळी किड्याची नव्हेच, तो एका झाडाचा चीक. आणि रशियातल्या डबीवरचा लेप हा शिजवलेल्या तेलाचा रोगण. तीन देश, तीन निरनिराळे पदार्थ. नाव मात्र एकच, आणि तेही आपल्याकडून गेलेले. संस्कृतातल्या 'लाक्षा' शब्दावरून आपली लाख, आणि तोच शब्द फिरत फिरत युरोपात जाऊन 'लॅकर' झाला, रशियात 'लाक' झाला. माल आपापला, नाव उसने, असा हा प्रकार आहे.

रशियात अशा डब्या प्रथम झाल्या त्या पालेखला नव्हे, मॉस्कोजवळच्या फेदोस्किनोच्या परिसरात. कोरोबोव नावाच्या एका व्यापाऱ्याने १७९५ साली तिथे कारखाना काढला. त्याचा पहिला माल काय असेल? शिपायांच्या टोप्यांना पुढे लागणाऱ्या पुठ्ठ्याच्या चकत्या! पुढे जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावची कारागिरी पाहून त्याने तपकिरीच्या डब्या करायला घेतल्या. त्या काळी युरोपातल्या बड्या लोकांना तपकीर ओढण्याचे भारी वेड होते. पुणेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुठ्ठ्याची डबी हलकी असते, आणि झाकण घट्ट बसल्यामुळे तपकिरीला दमट हवा लागत नाही. कोरोबोवनंतर कारखाना त्याच्या जावयाकडे, लुकुतिन घराण्याकडे गेला. १९०४ साली तो बंद पडला, आणि १९१० साली तिथल्याच कारागिरांनी आपली सहकारी मंडळी काढून तो धंदा पुन्हा उभा केला. फेदोस्किनोचे चित्र तैलरंगाचे. खाली शिंपल्याचा चमकता तुकडा बसवून वरून पातळ रंग देतात, म्हणजे चित्रातला चंद्र खरोखरच उजळतो.

पालेखची गोष्ट अगदी वेगळी. हे गाव मॉस्कोहून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, इवानोवो प्रांतात. इथे डब्या कोणी करत नव्हते. इथे देव करत असत. रशियन ख्रिस्ती घरात एका कोपऱ्यात फळीवर रंगवलेले येशूचे, मेरीचे किंवा संतांचे चित्र असते. त्याला आयकॉन म्हणतात. आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकांचे जे स्थान, तेच त्या घरात या चित्राचे. पालेखचे चितारी पिढ्यान् पिढ्या हे काम करीत. त्यांच्यात कामाची वाटणीही ठरलेली असे. नुसते चेहरे आणि हात काढणारे वेगळे. वस्त्रे, डोंगर, घरे काढणारे वेगळे. चेहरे काढणाऱ्याचा मान अर्थातच मोठा. मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या एका जुन्या राजवाड्याच्या भिंती १८८२ साली नव्याने चितारायच्या होत्या, तेव्हा त्यासाठी पालेखच्याच बेलोउसोव भावांना बोलावणे गेले होते. इतका या गावाच्या हाताचा लौकिक होता.

या धंद्याला पहिला धक्का बसला तो छापखान्याचा. विसाव्या शतकाच्या तोंडावर टिनाच्या पत्र्यावर छापलेले आयकॉन बाजारात आले. स्वस्त आणि झगझगीत. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापील तसबिरी घराघरांत गेल्या तेव्हा इथल्या चिताऱ्यांचे काय झाले असेल, याची कल्पना केली म्हणजे हे कळेल. पण तो धक्का सोसवणारा होता. दुसरा सोसवणारा नव्हता. १९१७ साली क्रांती झाली. नव्या राजवटीत देवधर्माला थारा राहिला नाही, देवळांकडून येणारी कामे थांबली, आयकॉनला गिऱ्हाईक उरले नाही. पेणच्या एखाद्या मूर्तिकाराला कोणी सांगावे, की बाबा, उद्यापासून गणपती करायचा नाही, तुला जे दुसरे येत असेल ते कर. त्याने काय करावे? तशी या गावाची गत झाली. कोणी शेतीला लागला, कोणी झाडाच्या सालीच्या वहाणा विणू लागला, कोणी लाकडी चमचे आणि थाळ्या रंगवू लागला, कोणी नाटकांचे पडदे. केसाएवढ्या रेघेवर आयुष्य घालवलेल्या माणसांनी पडदे रंगवावेत!

या पडदे रंगवणाऱ्यांतला एक इवान गोलिकोव. महायुद्धात लढून आलेला. १९२२ च्या सुमारास तो मॉस्कोत आपल्या नात्यातल्या ग्लाझुनोव नावाच्या चिताऱ्याकडे राहत होता. मॉस्कोत हस्तव्यवसायांचे एक संग्रहालय होते. तिथे त्याने लुकुतिनच्या काळ्या डब्या पाहिल्या आणि तो थबकला. असे सांगतात, की कोरी डबी मिळेना म्हणून त्याने फोटो धुण्याची एक जुनी पुठ्ठ्याची थाळी घेतली, तिच्या बुडाचा तुकडा कापला आणि त्यावर पहिले चित्र काढले. आता यातली गोम लक्षात घ्या. फेदोस्किनोवाल्यांप्रमाणे तैलरंग त्याने घेतला नाही. अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवलेला तोच आयकॉनचा रंग घेतला, तेच सोने घेतले, आणि तीच रेघ. फळीच्या जागी फक्त काळी डबी आली.

संग्रहालयातल्या मंडळींना ही चित्रे पसंत पडली. अनातोली बाकुशिन्स्की या कला-अभ्यासकाने गोलिकोवला आणि त्याच्या गाववाल्यांना हात दिला. १९२३ सालच्या मॉस्कोच्या कृषिप्रदर्शनात त्या वस्तू मांडल्या गेल्या. आणि ५ डिसेंबर १९२४ रोजी गोलिकोव धरून सात जणांनी पालेख गावात आपली सहकारी मंडळी स्थापन केली. नाव ठेवले 'प्राचीन चित्रकलेची मंडळी'. मला या नावाचे मोठे कौतुक वाटते. देवाचे नाव घ्यायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी 'प्राचीन' म्हटले. पुढच्याच वर्षी, १९२५ साली, पॅरिसच्या प्रदर्शनात या डब्यांचा गौरव झाला, आणि परदेशातून मागणी सुरू झाली. परकीय चलन आणणारी वस्तू कोणत्या सरकारला नको असते?

आता ही डबी होते कशी ते सांगतो, कारण खरी मौज तिथे आहे. प्रथम पुठ्ठ्याचे ताव कणकेच्या खळीने एकावर एक चिकटवून साच्याभोवती गुंडाळतात आणि दाबून वाळवतात. मग ती नळी जवसाच्या गरम तेलात मुरवायची. तेल अंगात पुरते मुरले की भट्टीत, मंद आचेवर, दिवसचे दिवस ठेवायची. बाहेर येते तेव्हा ती पुठ्ठा राहिलेली नसते; लाकडासारखी करवतीने कापता येते, रंधता येते. सुतार तिला तळ आणि झाकण बसवतो. मग लाल माती, काजळी आणि तेल यांचा लेप, पुन्हा भट्टी, पुन्हा घासणे. बाहेरून काळ्या रोगणाचे हात, आतून लाल. हे सारे होईपर्यंत चिताऱ्याने डबीला हातसुद्धा लावलेला नसतो.

काळ्या जमिनीवर रंग बुडतो, हे आपल्या रांगोळी काढणाऱ्या मुलींनाही ठाऊक आहे. म्हणून आधी चित्राचा आकार पांढऱ्या रंगाने भरून घेतात, आणि त्यावर बलकातले रंग पातळ पातळ थरांनी चढवतात. बलकात पाणी आणि थोडे व्हिनेगार घालून हा रंग कालवतात. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. अगदी बारीक कामाला चिताऱ्याने डोळ्याला भिंग लावलेले असते. शेवटी सोने. सोन्याचा वर्ख डिंकाच्या पाण्यात बोटानेच खलतात, खूप वेळ खलतात, आणि तो रंगासारखा कुंचल्याने लावतात. पण लावलेले सोने मातकट दिसते. ते उजळायला लागतो लांडग्याचा दात! दात गुळगुळीत असतो आणि बारीक जागी शिरतो. त्याने घासले की रेघ झळकू लागते. आपल्या साधनांत याला जोड मला आठवत नाही. यानंतर पारदर्शक रोगणाचे सहा-सात हात, प्रत्येक हातानंतर भट्टी, आणि मग घासणे. शेवटची घासणी चक्क तळहाताने करतात. एका डबीला अशा रीतीने महिने लागतात.

चित्रांचे विषय बदलले. येशू आणि मेरी गेल्या. परीकथा आल्या, पुश्किनच्या गोष्टी आल्या, शिकारी, लढाया, नाच, तीन घोड्यांची गाडी. पुढे ट्रॅक्टर आणि सामुदायिक शेतीही आली. ती चित्रे मला तरी फिकी वाटतात, मग कोणी काही म्हणो. पण जरा निरखून पाहा. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, जसे आयकॉनमध्ये असतात. माणसे सडपातळ, उंच, पायांवर भार नसल्यासारखी. गोलिकोवचे घोडे तर साध्या तबेल्यातले नव्हेतच. आयकॉनमध्ये इलाय प्रेषित अग्नीच्या रथातून स्वर्गाला जातो, त्या रथाचे हे घोडे, असे मला वाटते. भालाईत शिकारी पाहिला की अजगराला मारणारा संत जॉर्ज आठवतो. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला परीकथा दिसावी, आणि गावातल्या म्हातारीला ओळखीचे काहीतरी दिसावे, असे हे काम होते. हे त्यांनी जाणूनबुजून केले, असे मात्र मी म्हणणार नाही. हाताला दुसरी रेघ येतच नव्हती, हेच अधिक खरे असावे.

पालेखचे पाहून शेजारच्या दोन चितारी गावांनीही, म्स्त्योरा आणि खोलुई यांनी, १९३० नंतरच्या काळात हाच मार्ग धरला. १९३४ साली गोलिकोवची चित्रे असलेली ईगोरच्या स्वारीच्या जुन्या रशियन वीरकाव्याची आवृत्ती निघाली. त्यामागे मॅक्झिम गॉर्कीचे प्रोत्साहन होते. १९३५ साली पालेखमध्ये संग्रहालय उघडले. गोलिकोव १९३७ साली वारला.

या डब्यांनी आणखी एक काम केले, जे त्या सात जणांच्या स्वप्नातही नसेल. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला. देवळे पुन्हा उघडली, आणि देवळांना चितारी हवे झाले. अंड्याचा बलक कसा कालवावा, सोने कसे खलावे, दाताने कसे घासावे, हे पुस्तकात वाचून येत नाही. पालेखमध्ये ते हातांत होते. सत्तर वर्षे ते हात परीकथा काढीत होते, एवढेच. आज तिथे आयकॉन होतात आणि डब्याही होतात, कित्येकदा एकाच माणसाच्या हातून.

डब्यांचे दिवस मात्र तितके बरे नाहीत. सरकारी खरेदी गेली. प्रवाशांच्या बाजारात नकली माल बोकाळला. छापील चित्र चिकटवायचे, वरून दोनचार रेघा मारायच्या, भरपूर रोगण ओतायचे, की झाली डबी! कोणी आप्त तिकडून आणणार असेल तर त्याला सांगून ठेवा: डबी उजेडात तिरपी धरून पाहावी. सोन्याची रेघ कुंचल्याची असेल तर कुठे जाड कुठे बारीक असते, झळाळीही सारखी नसते. छापलेले सोने सगळीकडे सारखेच पिवळे दिसते.

परवा त्या स्नेह्यांकडे गेलो तेव्हा मी ती डबी खिडकीशी नेऊन पाहिली. सोने खरे आहे. रोज अंगठा लागून एका कोपऱ्यावरचा रोगण मंद झाला आहे, पण घोडे रोगणाखाली असल्यामुळे त्यांना काही झालेले नाही. मी वहिनींना ही सारी हकीकत सांगितली आणि म्हटले, "वहिनी, निदान शेगडीजवळ तरी ठेवू नका. उष्णतेने तडा जाईल." त्यांनी ती तिथून उचलून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. लवंगा मात्र तिच्यातच आहेत.