गाडलेला कचरा कोठे जातो?



शहराला कचरा टाकण्यासाठी जागा हवी असली म्हणजे कारभाऱ्यांची नजर शेजारच्या खेड्याच्या गायरानावर जाते. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कोणतेही शहर घ्या, तर्क एकच असतो : जमीन सरकारी आहे, मोकळी आहे, फुकट आहे. ज्या भूमिहीनाची शेळी तेथे चरते, जी बाई तेथून सरपण आणते, त्यांची नोंद सातबाऱ्यावर नसते. म्हणून त्यांना कोणी विचारीत नाही. गावाने कुरकुर केलीच, तर अधिकारी सांगतात, “आता कचरा उघड्यावर पडणार नाही, शास्त्रीय पद्धतीने भूमीत भरला जाईल.” हे ‘शास्त्रीय पद्धतीने’ म्हणजे काय, ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, एवढ्यासाठीच आजचे हे भाषण.

केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी भूमिभरणाची जी रीत घालून दिली ती ऐकण्यासारखी आहे. खड्ड्याच्या तळाशी 90 सेंटिमीटर जाडीचा, पाणी जवळजवळ न झिरपणाऱ्या मातीचा थर चोपून बसवावयाचा. त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर. त्याच्याही वर वाळू-खडीचा थर आणि नळ्या, म्हणजे कचऱ्यातून निथळलेले काळे पाणी एका ठिकाणी गोळा होऊन शुद्धीकरणास जावे. भूजलाची पातळी, भर पावसाळ्यातसुद्धा, तळाच्या दोन मीटर खाली असावी. रोज टाकलेला कचरा यंत्राने दाबून त्यावर 10 सेंटिमीटर माती पसरावयाची, पावसाळ्यापूर्वी अधिक जाड थर द्यावयाचा. नदी 100 मीटर दूर, वस्ती व पाणीपुरवठ्याची विहीर 200 मीटर दूर. आणि जागा भरून बंद केल्यावर निदान 15 वर्षे तिची राखण. ही शेवटची अट आपण विशेष ध्यानात ठेवावी.

एवढा बंदोबस्त कशासाठी? कारण गाडलेला कचरा स्वस्थ बसत नाही. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो : भाजीपाल्याचे देठ, फळांच्या साली, उष्टे अन्न. मातीखाली हवा संपली की हवेशिवाय जगणारे जंतू त्याचा ताबा घेतात. प्रथम आम्ले तयार होतात, पुढे काही महिन्यांनी मिथेन वायू सुटू लागतो. या वायूत सुमारे निम्मा मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायॉक्साइड. तो नळ्यांनी काढून जाळला किंवा वापरला नाही तर कोठून तरी वाट काढतो आणि पेट घेतो. खालून निघणारे पाणी ती आम्ले, क्षार आणि बॅटऱ्या-रंगांतील जड धातू बरोबर घेऊन उतरते. हे सारे दशकानुदशके चालते. ‘विल्हेवाट’ हा शब्द येथे फसवा आहे. ही दीर्घ मुदतीची साठवण होय.

आता आपल्या जिल्ह्याची भूमी पाहा. काळी माती ओली असताना फुगते व पाणी धरून ठेवते. चैत्र-वैशाखात तीच हात जाईल एवढी भेगाळते. ती जशीच्या तशी तळाला भरून ‘चिकणमाती आहे, चालेल’ असे म्हणणाऱ्याने उन्हाळ्यातले आपले एखादे शेत पाहिलेले नसावे. मातीखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळ काळा खडक. आपल्या विहिरींना पाणी येते ते याच मुरमातून, याच भेगांतून. काळे पाणी एकदा तेथवर उतरले की त्याला कोणी परत वर आणू शकत नाही. शिवाय जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडील माणसाला गोड्या पाण्याची किंमत मी सांगावयास नको.

नियम कागदावर आणि ढीग उघड्यावर, असे झाले म्हणजे काय होते हे मुंबईने पाहिले आहे. देवनारला 1927 पासून कचरा पडत आला. जानेवारी 2016 मध्ये तेथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली, धुरामुळे महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर प्रथम गोवंडी-शिवाजीनगरच्या झोपड्यांत शिरला, मलबार हिलवर नव्हे. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. औरंगाबाद शहराचा (आजचे छत्रपती संभाजीनगर) कचरा वर्षानुवर्षे नारेगावास जात असे. फेब्रुवारी 2018 मध्ये तेथील ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. मग पालिका मिटमिट्याकडे वळली. मार्चमध्ये तेथे दगडफेक झाली आणि पोलिसांचा लाठीमार. नारेगावने नाकारलेले ओझे मिटमिट्याने घ्यावे, ही कोणती व्यवस्था? दोन्हीकडे लढणारी माणसे आपलीच होती.

यावर आपले काही मित्र म्हणतात की नियमांप्रमाणे उत्तम भूमिभरण बांधा, झाले. मला हे पुरेसे वाटत नाही. अस्तर, नळ्या, शुद्धीकरण, रोजची माती आणि पंधरा वर्षांची राखण हा खर्च ज्या नगरपालिकेला सफाई कामगारांचा पगार वेळेवर देता येत नाही ती कोठून करणार? परंतु भूमिभरणात जावयास हवा तो कचरा मुळात फार थोडा असतो. खेड्यात उकिरडा होता. त्याची दैना बारा वर्षांनी फिटते अशी म्हण आहे, प्रत्यक्षात ती दरवर्षी फिटत असे, कारण मृगापूर्वी तो शेतात जाई. शहराचा ओला कचरा वेगळा राहिला तर त्याचेही खत होते. मिसळलेल्या कचऱ्याचे खत मात्र शेतकरी घेत नाही, आणि त्यातील काचा पाहता बरोबरच करतो.

सुका कचरा वेगळा करण्याचे ज्ञान ज्यांच्या हातात आहे त्यांना आपण आजवर हिणवत आलो. पुण्यात 1993 साली बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. ओळखपत्रे मिळवली, पुढे त्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी 2008 मध्ये महापालिकेला करार करावा लागला. घरोघरचा कचरा गोळा करणे हे त्या स्त्रियांचे हक्काचे काम झाले. आपल्या जिल्ह्यात भंगार वेचणारी कुटुंबे आहेत, पक्षाचे कार्यकर्ते आहेत. या दोघांची गाठ मात्र क्वचितच पडते.

तेव्हा गायरान मागणारा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला, तर केवळ ‘नको’ म्हणून उठू नका. विहिरींच्या पाण्याची आजची तपासणी अगोदर करून घ्या, म्हणजे उद्या भांडता येईल. भूजलाची पावसाळ्यातील पातळी मोजली का, ते विचारा. शहरात ओले-सुके वेगळे होते का, हे सकाळी घंटागाडीच्या मागे चालून स्वतः पाहा. आणि जागा बंद झाल्यानंतरच्या 15 वर्षांच्या राखणीचा पैसा कोणत्या लेखाशीर्षात धरला आहे, तो आकडा ठरावाच्या कागदावर लिहून मागा.