दगडातली गोगलगाय



सीताबर्डीची टेकडी आपण रोज पाहतो. ती म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नागपूरच्या परिसरात लाव्ह्याच्या थरांमध्ये तळ्यातल्या गाळाचे पातळ थर सापडतात. एक उद्रेक शमला, तळे साचले, जीव रुजले आणि पुन्हा लाव्हा आला. टाकळीजवळच्या अशाच थरात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, फळे, बिया दगड होऊन राहिल्या.

हे जीवाश्म वेचणारा माणूस कोण होता? ख्रिस्ती धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात आहे, तेच. १८४५ मध्ये ते नागपुरात आले. रॉबर्ट हंटर या सहकारी पाद्र्याबरोबर त्यांनी इथल्या खडकांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला. डार्विनचा ग्रंथ त्यानंतर चार वर्षांनी आला.

याच हिस्लॉप यांनी गोंडांचे लिंगोगीतही टिपून ठेवले. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगोने बाहेर काढले, अशी ती कथा. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. आजही माघी पौर्णिमेला गोंड भाविक कचारगडच्या गुहेपाशी जमतात.

एका माणसाच्या संग्रहात बायबल, गोगलगाय आणि लिंगो एकत्र नांदले. मग आपल्याकडेच भांडण का? २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चूक असल्याचे सांगितले; देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा प्रतिवाद केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी निषेध नोंदवला.

मला वाटते, प्रश्नांची सरमिसळ झाली आहे. गोगलगाय किती जुनी, तिचे वंशज कसे बदलले, हे खडकाला विचारायचे. तिथे पोथीचा शब्द अखेरचा नव्हे. पहिला जीव नेमका कसा जन्मला, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून मिळालेले नाही, आणि तसे कबूल करण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. पण तेवढ्याने उत्क्रांती खोटी ठरत नाही. उगम हा एक प्रश्न, बदल हा दुसरा.

आणि आपण कोणाचे, एकमेकांशी कसे वागावे, हे गोगलगाय सांगणार नाही. ते लिंगोची कथा सांगते, आजीची देवपूजा सांगते. त्या कथेला हसणारा विज्ञाननिष्ठ ठरत नाही. आणि मुलाच्या हातातला दगड हिसकावून घेणारा श्रद्धावान ठरत नाही.

उद्या आपल्या घरातले पोर विचारेल, "आपण आलो कुठून?" त्याला गप्प बसवू नका. देवळात न्या, कचारगडला न्या. आणि परतताना सीताबर्डीचा काळा दगडही दाखवा.