माळरानावरील कोळी आणि आपले हवामान
(सोलापूर येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



कोळ्यांवर बोलावयास माहिती खात्याचा माणूस उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटले असेल. मी कला शाखेचा पदवीधर. प्राणिशास्त्राचा अधिकार सांगत नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी एका गावी वृक्षारोपणाच्या कार्यक्रमास गेलो होतो. गायरानात खड्डे घेण्यापूर्वी बोरी-बाभळींची झुडपे तोडून पेटविली होती. फांद्यांवर मळकट कापसाच्या गोळ्यांसारखी घरटी होती. "घाण साफ झाली," असे कोणी म्हणाले, आणि मीही मान डोलावली. ती घरटी कोणाची, हे मला मागाहून कळले.

जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे येताना ही विविधता साधारणतः वाढत जाते. उत्तर युरोपाच्या थंडीत चादरीसारखे जाळे विणणारे चिमुकले कोळी बहुसंख्य, तर उष्ण देशांत उड्या मारून शिकार करणाऱ्यांचे कूळ मोठे. परंतु केवळ उष्णतेने सारे उलगडत नाही. महाबळेश्वर येथून सुमारे अडीचशे किलोमीटर पश्चिमेस, जवळजवळ आपल्याच अक्षांशावर आहे. तेथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्यात ५०० ते ६००. उंचीमुळे तेथे गारवा अधिक, हे खरे. तरी मुख्य भेद पाण्याचाच.

कोळ्याच्या शरीरातून आणि श्वासावाटे ओल सतत उडून जाते. दमट रानात ही चिंता कमी, शिवाय जाळे बांधावयास उंच झाडोरा. म्हणूनच सह्याद्रीत जायंट वुड स्पायडर मीटरभर रुंदीचे जाळे टाकतो. चक्राकार जाळ्यांच्या धाग्यावरील गोंदाचे थेंब हवेतील ओल शोषून चिकट राहतात. कोरड्या हवेत तो गोंद बहुधा ताठरतो.

मग आमच्या माळावर काय उरते? पुष्कळ काही. कोणी बिळात राहतो, कोणी दिवसा दगडाखाली दडून रात्री हिंडतो. आणि त्या जळालेल्या घरट्यांचा धनी, स्टेगोडायफस सारासिनोरम, हा तर चक्क समाजाने राहतो. कोळी म्हणजे एकलकोंडा प्राणी, ही आपली समजूत तो खोटी ठरवितो. काटेरी झुडपावर शेकडो कोळी एकत्र घरटे विणतात आणि शिकारही मिळून करतात. त्यांच्या धाग्याला गोंद नसतो; लोकरीसारख्या सूक्ष्म तंतूंत कीटक अडकतो, त्यामुळे कोरडी हवा त्यांस बाधत नाही. पिले वाढू लागली की माद्या स्वतःचे शरीरच त्यांना अन्न म्हणून देतात. या वंशात असे सामाजिक जीवन जगणाऱ्या जाती तीनच. दोन आफ्रिकेत आणि ही एक आपल्याकडे.

पुण्याच्या प्राणिसर्वेक्षण केंद्रात काम केलेले डॉ. बी. के. टिकादर यांनी १९८७ मध्ये भारतीय कोळ्यांवरील हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. तथापि, अभ्यासकांची पावले अजूनही घाटाकडेच अधिक वळतात, असे मला वाटते. दप्तरी आपण माळाला 'पडीक' म्हणतो, आणि पडीक जमिनीचे काहीही करावयास आपण मोकळे असतो. नान्नजचा माळ १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाला. परंतु ज्या गायरानात माळढोक कधी उतरला नाही, त्याची बाजू कोण मांडणार? माळावरचे व बांधावरचे कोळी तूर-ज्वारीच्या किडी खातात. मधमाश्याही खातात, हे लपविण्यात अर्थ नाही.

वृक्षारोपणास माझा विरोध नाही. ते तर माझ्या खात्याचेच काम आहे. माझी विनंती एवढीच, की खड्ड्यांच्या जागा ठरविताना पंचायतीने हिवर, बोर व तरवडाचे पट्टे जागच्या जागी राहू द्यावेत. शिक्षकांनी पावसाळ्यानंतर मुलांसह घरटी मोजून नोंदवहीत लिहावीत.

आज रात्री जेवणानंतर आपण माळावर जाणार आहोत. बॅटरी कपाळाजवळ धरून जमिनीवर प्रकाश टाकावा. गवतात जे हिरवट ठिपके चमकतील ते दवबिंदू नव्हेत, भटक्या कोळ्यांचे डोळे आहेत. पायांत बूट असावेत.